ताट रिकामंच पाठवा

आमच्या मंडळीत आजारातून उठलेल्या माणसानं रविवारी पुढे येऊन साक्ष द्यायची पद्धत आहे. पाळकसाहेबांनी मलाही सांगितलं, विमलबाई, देवानं तुम्हाला उठवलं, चार शब्द बोला. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, बोलण्याचाच पगार घेते. पण अजून दुपारनंतर माझा आवाज बसतो आणि फार वेळ उभी राहिले की गुडघे थरथरतात. शिवाय मला जे सांगायचंय ते चार शब्दांत मावत नाही. म्हणून लिहून काढते आहे. ज्यांच्या घरात सध्या कुणी अंथरुणाला खिळलं आहे, त्यांनी वाचावं. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. चमत्कारही फारसा नाही.

*

संक्रांत होऊन गेली होती. शाळेत गॅदरिंगची गडबड चालली होती. त्याआधी पोट बिघडल्यामुळे मी एकदोन दिवस घरी होते, ते बरं झालं म्हणून पुन्हा कामाला लागले. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, लेझीम शिकवताना उभं राहून राहून पाय भरून आले असतील. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. उचलायला खाली वाकले, बसले, आणि मला उठता येईना. पोरं हसली. त्यांना वाटलं मॅडम काहीतरी नवीन खेळ शिकवताहेत. मीही हसले, कारण घाबरलेय हे पोरांना दिसू द्यायचं नाही ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड. पण हसता हसता मला कळत होतं की कमरेखालचं शरीर माझं ऐकत नाहीये.

माझे यजमान दीनानाथ चिखली डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. ते ग्रीसनं काळे झालेले हात तसेच घेऊन दवाखान्यात आले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर ती छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग हातोडी टेबलावर ठेवली आणि माझ्याशी नाही, यांच्याशी बोलले, की आजच्या आज संभाजीनगरला न्या. डॉक्टर पेशंटला सोडून नवऱ्याशी बोलायला लागले की समजून घ्यावं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, जीबीएस. पुण्याच्या बातम्यांत ते नाव आम्ही ऐकलं होतं. यांनी विचारलं, "पुण्याचा आजार चिखलीले कसा काय आला, साहेब?" डॉक्टर भले होते. म्हणाले, त्याला तुमच्या एसटीचं तिकीट लागत नाही. मग गंभीर होऊन सांगितलं की नसा रुसल्यासारख्या बसून जातात, पायापासून वर वर. बहुतेकांच्या पुन्हा येतात, पण सावकाश. तोवर श्वासावर लक्ष ठेवायचं. मी विचारलं, हात? ते म्हणाले, हातही जातील बहुतेक, आणि येतीलही. त्यातलं "जातील" एवढंच मला ऐकू आलं.

*

आयसीयूमध्ये सकाळ-संध्याकाळ नसते. ट्यूबलाइट असते. तरी एक वेळापत्रक होतं आणि मी शाळेतली असल्यामुळे त्याला धरून राहिले. साफसफाई, मग डॉक्टरांची फेरी, मग कूस बदलणं, मग औषध, पुन्हा कूस. अधूनमधून एक डॉक्टर मुलगी येऊन सांगायची, खोल श्वास घ्या आणि एका दमात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा. श्वासाची ताकद किती उरली हे त्यावरून कळतं. आयुष्यभर मी पोरांकडून आकडे म्हणून घेतले, आणि आता माझ्याकडून कुणी म्हणून घेत होतं. रोज मोजणी आधीच्या दिवसापेक्षा लवकर अडायची. ती मुलगी "छान" म्हणायची. मी पण वर्गातल्या कच्च्या पोराला "छान" याच आवाजात म्हणते, त्यामुळे मला तिचं छान कळत होतं.

भीती खरी सांगते. मरणाची कमी वाटली. जास्त वाटली ती कायमचं असंच पडून राहण्याची, डोळे उघडे आणि बाकी सगळं बंद.

आणि प्रार्थना होत नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. लहानपणापासून हात जोडल्याशिवाय मी कधी प्रार्थना केली नव्हती. आता हात चादरीवर पडलेले, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. तिथल्या साफसफाईच्या मावशींनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला होता. एका सकाळी फरशी पुसून झाल्यावर त्यांनी हात धुतले, माझा एक तळवा उचलून दुसऱ्यावर ठेवला, आणि काही न बोलता बादली घेऊन निघून गेल्या. मग त्यांची पाळी असेल तेव्हा त्या रोज तसं करायच्या. मला त्यांचं नाव विचारता आलं नाही, कारण तोवर तोंडावर मास्क आला होता.

पण जोडलेल्या हातांनी मी काय बोलत होते? मी देवापुढे हिशोब मांडत होते. प्रभू, मी तुझ्या नावानं इतकं दिलं. शाळेतल्या किती लेकरांना दप्तरं घेऊन दिली, किती बाळंतिणींना डिंकाचे लाडू पोचवले, नाताळात गल्लीत एक घर सोडलं नाही. मग हे काय? देव काही बोलला नाही. बोलली ती आई, म्हणजे तिची आठवण. आणि ती आठवण इतक्या तपशिलानं आली की त्या पांढऱ्या खोलीत मला तळणाचा वास यायला लागला.

*

मी मेहकरची. वडील चर्चमध्ये शिपाई होते. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, कंदील साफ करणं ही त्यांची कामं. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे लिंबाचं झाड. नाताळाच्या आधी आठवडाभर आमच्या घरात स्टोव्ह थांबत नसे. आई करंज्या लाटायची, मी आणि माझा भाऊ कातण फिरवायचो, आणि वडील बांबूच्या कामट्या बांधून पतंगी कागदाची चांदणी करायचे. दरवर्षी तिचा एक कोन वाकडा व्हायचा. दरवर्षी आई म्हणायची, औंदाची बरी झाली.

नाताळाच्या सकाळी उपासनेहून आलो की ताटं भरली जायची. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि मधोमध एक अनारसा, कारण अनारसे प्रत्येक वेळी फसायचे आणि पुरायचे नाहीत. वर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. मी आणि भाऊ गल्लीभर ताटं पोचवायचो. सगळ्यांच्याच घरी, आपल्या लोकांच्या आणि दुसऱ्यांच्याही.

आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. पण माझ्या आईचा नियम उलटा होता. दारात उभं राहून आम्ही म्हणायचं, "आईनं सांगतलं, ताट रिकामंच पाठवा." बाया गोंधळायच्या. सणासुदीचं रिकामं ताट परत द्यायचं म्हणजे अपशकुनच की. काहीजणी तरी साखर टाकायच्या, आणि आई मला ती साखर परत द्यायला पाठवायची. मला त्याची फार लाज वाटायची.

एकदा मी चिडून विचारलं की असं काऊन करते. आई करंजीच्या कडा दाबत होती. म्हणाली, "देवानं आपला पोरगा देला, तवा परत काय मागतलं व? काहीच नाही. मंग वर्षातून एक दिवस तरी आपून तसं द्यावं."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठं घर होतं. तिथल्या बाई आमच्याकडून ताट घ्यायच्या, गोड बोलायच्या, आणि आम्ही वळलो की सगळं गोठ्यात गाईपुढे टाकायच्या. आमच्या हातचं त्या खात नव्हत्या. एका वर्षी मी ते कुडाच्या फटीतून पाहिलं आणि रडत घरी आले. म्हटलं, पुढच्या वर्षी त्यांना द्यायचं नाही. आईला ते आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "गाय बी त्याचीच हाय." पुढच्या वर्षी तिनं त्या ताटात एक करंजी जास्त ठेवली. त्या बाईंनी शेवटपर्यंत आमची एकही करंजी खाल्ली असेल असं मला वाटत नाही. आईनं शेवटपर्यंत पाठवली.

आईचं ते घर आता नाही, लिंबही नाही. पण आयसीयूत पडल्या पडल्या मी ती सगळी गल्ली एकेक दार करून फिरून आले. श्वास लागत होता आणि मी मनातल्या मनात ताटं वाटत होते. इतकी सुखी मी त्या खोलीत दुसऱ्या कशानं झाले नाही.

*

मोजणी एका टप्प्यावर थांबली आणि पुन्हा हळूहळू वाढायला लागली. व्हेंटिलेटरपर्यंत गेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, पुढचं काम तुमचं आणि व्यायामाचं.

घरी आले ती पोत्यासारखी. डोकं नीट चालू, जीभ थोडी जड, मानेखाली जवळपास काहीच नाही. सगळ्यात अवघड होतं जेवण. गिळण्याची ताकद कमी होती. घास लहान हवा, मऊ हवा, आणि तो खाली उतरेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. घाई झाली की ठसका, आणि ठसका लागला की श्वास कोंडायचा. एका जेवणाला तासभर जायचा. एक बाई कामाला लावून पाहिली. ती स्वभावानं वाईट नव्हती, पण तिला पुढे अजून चार घरं होती. दुसऱ्याच दिवशी वरणभात श्वासनळीत गेला, मी निळी पडले आणि ती घाबरून परत आलीच नाही.

यांच्या सगळ्या रजा दवाखान्यातच संपल्या होत्या. सकाळचं माझं सगळं करून, अंग पुसून, कपडे बदलून ते ड्युटीवर जायचे. नवऱ्यानं अशी कामं केली की बाईला काय वाटतं ते मी लिहीत नाही. ज्या पडून आहेत त्यांना माहीत आहे. कधीकधी मोरीत ते नळ सोडून बराच वेळ उभे असायचे. मला वाटायचं कपडे धुताहेत. मग लक्षात आलं की बादली भरून वाहते आहे आणि ते रडताहेत.

मंडळीतले लोक यायचे, गाणी म्हणायचे, बिस्किटांचे पुडे ठेवून जायचे. बरं वाटायचं. एका बाईंनी मात्र कानाशी येऊन विचारलं, काही गुप्त पाप कबूल करायचं राहिलंय का. मला हात असते तर काय झालं असतं सांगता येत नाही.

आणि रिबेका. आमची एकुलती एक. अकोल्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दवाखान्यात तीच होती माझ्याजवळ, घरीही तीच आली. कॉलेजमधून निरोप आला की आता हजर झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. तिनं मला न विचारता ठरवून टाकलं. भात कालवता कालवता म्हणाली, मी नाही जात, आई, कोर्स काय पुढेही होतो. पुढे होत नाही. मी इतक्या मुली पाहिल्यात, आईच्या आजारपणात थांबलेल्या, मग लग्नं होऊन गेलेल्या.

*

आता कावेरीकाकूंबद्दल सांगते. आमच्या घराला लागून त्यांचं घर. साखरखेर्ड्याकडची मोठी शेती, दोन विहिरी, नांदतं घर होतं. मुलं शिकून पुण्याला आणि संभाजीनगरला गेली. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या वर्षी वारले. शेती बटईनं दिली आणि काकू एकट्या राहिल्या. आवाज असा की भिंतीपलीकडून टीव्हीवरच्या माणसांशी भांडल्या तर आम्हाला वाटे पाहुणे आलेत.

आम्ही चिखलीत राहायला आलो त्या वर्षीच्या नाताळात मी आईच्या रीतीनं ताट नेलं आणि म्हटलं, रिकामंच द्या. काकूंनी ऐकलं नाही. ओंजळभर तूरडाळ टाकून पाठवली, घरच्या शेताची. मी ती त्यांच्या ओट्यावर काढून ठेवली आणि देवानं जसं दिलं वगैरे समजावून सांगितलं, चांगलं सविस्तर. काकू ऐकत राहिल्या. त्यानंतर दर नाताळात त्यांनी ताट घासून, पुसून, कोरडं करून रिकामं परत दिलं, आणि देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. दिवाळीला त्यांचं फराळाचं ताट यायचं. ते मी लगेच भरून परत करायचे, त्यांनी दिलं त्याहून थोडं जास्तच.

रिबेकाचं बोलणं भिंतीपलीकडे गेलं असावं. संध्याकाळी काकू आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, पोरीले जाऊ द्या, दोन वेळचं चारायचं मी पाहतो. मी म्हटलं, नको काकू, तुम्हाला कशाला त्रास, आम्ही काहीतरी करू. त्या गेल्या. पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. मंडळीत सांगून बघू, माझी मावसबहीण येईल, असं काहीबाही. बहिणीला स्वतःलाच उठवत नव्हतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी हे माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "पोरीचं वर्ष गेलं तरी चालते तुले, पण तुही मान खाली नाही झाली पाह्यजे!" मान तर माझी तशीही हलत नव्हती. मी छताकडे पाहून रडले. डोळे पुसायलाही यांनाच यावं लागलं, आणि आम्ही दोघं थोडे हसलो.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू विचारायला आल्या नाहीत. सरळ वाटी घेऊन आल्या. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवलेल्या, लसणाची फोडणी. रिबेका बॅगेकडे पाहत उभी होती. ती तिनं आदल्या दिवशी भरून पुन्हा रिकामी केली होती. काकूंनी खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसल्या. मी तोंड मिटून घेतलं. खरंच, लहान पोरासारखं.

काकूंनी वाटी मांडीवर ठेवली. मला त्या कायम मॅडम म्हणायच्या, तुम्ही म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा नाव घेतलं.

"विमल, इतके वर्षं म्या तुले ताट रिकामं परत देलं. मले काय वाटत असन, इचारलं कधी?"

काकूंनी चमचा वाटीत ठेवला.

"तुह्या देवानं तुले फुकट देलं म्हनते. घेतलं ना तू ते? का त्याच्याबी वट्यावर काढून ठेवलं?"

मला खूप राग आला. आमच्या घरात, आमच्या देवाबद्दल, आणि तेही माझ्या मुलीसमोर. पण वाटी जवळच होती. कण्यांचा वास येत होता. आईचा वास त्यात नव्हता, नाताळाचा नव्हता, तो काकूंच्या घरचा वास होता, भिंतीपलीकडून रोज येणारा. मी आयुष्यभर ताट घेऊन दारात उभी राहिले होते. दाराच्या आत कसं उभं राहायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईनंही नाही, कारण तिलाही ते फारसं येत नव्हतं. आणि देवाच्या दारात तर आम्ही सगळे आतच असतो, घेणारे. मी हे वर्षानुवर्षं गाण्यातून म्हटलंय. पहिल्यांदा कळलं ते तेव्हा.

मी रिबेकाला म्हटलं, "जाय तू. बॅग भर."

मग काकूंनी पहिला चमचा दिला. त्यांना घाई नव्हती. घास उतरेपर्यंत त्या माझ्या गळ्याकडे पाहत राहिल्या, जशी दूध प्यायला लागलेल्या वासराकडे पाहतात तशा.

*

रिबेका दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेली.

काकू दोन्ही वेळा यायच्या. रिकामं ताट परत नेणं ही आता त्यांची सवय होती, आणि त्यात मी काहीही टाकू शकत नव्हते. पहिले काही दिवस मला ते टोचलं. मी यांना सांगायचे, त्यांना निदान भाजी तरी आणून द्या. यांनी आणली नाही. शहाणपण कुणाला केव्हा येईल सांगता येत नाही.

जेवणाआधी मी डोळे मिटून प्रार्थना करायचे. काकू चमचा हवेत धरून थांबायच्या आणि थोड्या वेळानं विचारायच्या, "झालं का तुमचं बोलनं?" मग स्वतः पांडुरंगाचं नाव घ्यायच्या आणि घास पुढे करायच्या. त्यांनी मला कधी त्यांच्याकडे ओढलं नाही आणि मी त्यांना नाही. बोलायचो मात्र सगळं. अण्णा बैलपोळ्याला बैलांच्या शिंगांना कसे स्वतः रंग लावायचे, पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा काकूंना मेहकरच्या बाजारात विसरून एकटेच कसे घरी आले. मी त्यांना वडिलांच्या वाकड्या चांदणीबद्दल सांगितलं. गोठ्यातल्या करंज्यांबद्दलही सांगितलं. काकू म्हणाल्या, त्यांच्या सासूनंही तसंच केलं असतं. मग एक घास मला दिला आणि त्याच चमच्यानं वाटीतलं उरलेलं स्वतः खाल्लं. मला वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःचं जेवणही आमच्याकडेच घेऊन यायला लागल्या.

उन्हं तापली. व्यायामानं पाय हलायला लागले, मग खांदे. रिबेका परीक्षा देऊन पास झाली. तिचा फोन आला तेव्हा काकूंनी तो माझ्या कानाला धरला होता, त्यामुळे आनंदाची बातमी त्यांनाच आधी ऐकू आली आणि त्यांनी ती गल्लीला सांगून टाकली.

त्याच सुमारास एका रात्री त्यांच्या पुण्याच्या सूनबाईंचा मला फोन आला, यांनी तो माझ्या कानाला धरला. तब्येत विचारली आणि म्हणाल्या, मॅडम, तुमचे उपकार आहेत. मी म्हटलं, उपकार माझे कसे? तेव्हा त्यांनी सांगितलं की अण्णा गेल्यापासून सासूबाईंनी स्वयंपाकच सोडला होता. चहा-टोस्टवर दिवस काढायच्या. एकटीसाठी भाकर थापायला हात उठत नाही म्हणायच्या. पुण्याला यायलाही तयार नव्हत्या. आता फोन केला की वरणात काय घातलं ते सांगतात.

यांनी फोन ठेवला, तेव्हा भिंतीपलीकडे काकू टीव्हीवरच्या माणसांशी भांडत होत्या.

*

बोटं सगळ्यात शेवटी आली. एका सकाळी चहाबरोबर यांनी बिस्कीट दिलं तर मी ते धरलं. धरलं, वर नेलं, अर्धं कपात पडलं, अर्धं तोंडात गेलं. हे वेड्यासारखे घरभर फिरले. मी दुसरं मागितलं, तेही खाल्लं. इतके महिने ज्या क्षणासाठी काढले तो आला होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुपारचा. काकू येतील आणि पाहतील. मग त्यांच्या चुलीचं काय?

मी यांना म्हटलं, काकूंना एवढ्यात सांगू नका. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईचा मेंदूही आता बसला.

दुपारी काकू आल्या. साखरखेर्ड्याच्या मळ्यातला आंबा पिकला होता. गाळून रस आणला होता, सोबत तुपाच्या मऊ पोळ्या. मी हात चादरीखाली घेतला. प्रार्थना केली. त्या दिवशी ती जरा लांबली, कारण खोटेपणाची माफीही त्यात मागायची होती. काकूंनी पोळी रसात भिजवून पहिला घास दिला, दुसरा दिला. आमरसाचं त्यांनी काही विचारलं नाही, एरवी चव विचारल्याशिवाय राहत नाहीत. मग वाटीत पाहत म्हणाल्या, "सकाळी खिडकीतून पाह्यलं म्या. बिस्कुट खाल्लं तू."

मी हात चादरीखाली आणखी आत ओढला.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी चमच्यानं रस ढवळला, उगाचच. "मंग उद्यापासून नको येऊ का?"

इतकी मोठ्या आवाजाची बाई, पण ते वाक्य मला जेमतेम ऐकू आलं. मी म्हटलं, "या ना काकू. माहा हात चालते. पन एकटीले जेवन नाही जात."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि मला खोटारडी मास्तरीण म्हणाल्या. मग घास पुढे केला. मी हात चादरीतच ठेवला आणि तोंड उघडलं.